जीपला फोकस आणि इलेक्ट्रिक पंखा जोडताना : स्विचने फक्त हुकूम द्यावा

खानापूर तालुक्यातल्या एका तरुण शेतकऱ्याने विचारलं आहे. त्यांच्याकडे वडिलांच्या वेळची महिंद्राची डिझेल जीप, एमएम 540, आहे. बंपरवर 55 वॅटचे दोन हॅलोजन फोकस, काचेच्या वर एक एलईडी बार आणि रेडिएटरला भंगारातल्या मारुतीचा इलेक्ट्रिक पंखा, हे सगळं त्यांनी ओळखीच्या माणसाकडून जोडून घेतलं. आता फोकस लावले की डॅशवरचा स्विच हाताला चटका देतो. पंखा सुरू झाला की हेडलाईट मिणमिणतात. परवा रात्री जांबोटीहून परतताना डॅशमागून जळक्या प्लॅस्टिकचा वास आला. "जास्त अँपिअरचा स्विच घातला तर भागेल का?" असा त्यांचा प्रश्न आहे.

नाही भागणार, भाऊ. आधी एक काम करा. पुढचं वाचायच्या अगोदर फोकसची आणि पंख्याची जोडणी सोडवून उघड्या टोकांना टेप लावून ठेवा. बेल्टवरचा मूळ पंखा अजून जागेवर असेल तर गाडी चालेल, नसेल तर उभी ठेवा. जळका वास म्हणजे वायरीवरचं प्लॅस्टिक मऊ झालं आहे. त्याच्या पुढची पायरी म्हणजे दोन वायरी एकमेकींना चिकटणं, आणि ते चालत्या गाडीत घाटात घडावं असं कुणालाही वाटणार नाही.

बेळगावात पंचवीसेक वर्षं मी गाड्यांचं वायरिंग करतो. असे स्विच माझ्या टेबलावर बरेच आले आहेत. मागचं झाकण काढलं की तांब्याची पट्टी निळसर पडलेली असते, तिच्याभोवतीचं प्लॅस्टिक तपकिरी होऊन फुगलेलं असतं आणि वायर धरणाऱ्या लगेचा (टर्मिनलचा) स्क्रू नुसत्या बोटाने फिरतो. दोष स्विचचा नसतो. स्विचला जे काम सांगायला नको होतं ते सांगितलेलं असतं.

तुमच्या गाडीत काय चाललं आहे ते सांगतो. करंट बॅटरीवरून निघतो, डॅशमधल्या अँपिअर मीटरमधून चावीच्या स्विचला जातो, तिथून लाईटच्या स्विचला, मग डिपरला आणि मग हेडलाईटला. जाताना पाच मीटर वायर आणि सात-आठ जोड लागतात. कंपनीने ही वाट फक्त हेडलाईटसाठी आखली होती. अप्परला, म्हणजे लांब झोताला, दोन्ही हेडलाईट मिळून 9 अँपिअर घेतात. त्याच वायरीवर आणखी 8 अँपिअरचे फोकस चढले की 17 झाले. वायर 1.5 स्क्वेअर एमएमची असेल तर पाच मीटरमध्ये नुसत्या तांब्यातच जवळपास एक व्होल्ट हरवतो. जुन्या जोडांत आणखी अर्धा. हॅलोजनचा स्वभाव असा की व्होल्टेज थोडं पडलं तरी उजेड फार पडतो. साडेतेराचे बारा व्होल्ट झाले की उजेड एक तृतीयांशाने कमी होतो. म्हणजे चार दिवे लावून तुम्ही हेडलाईटचाच उजेड घालवला, आणि हरवलेला दीड व्होल्ट त्या वायरीत, स्विचमध्ये आणि जोडांमध्ये उष्णता होऊन बसला.

म्हणून उपाय मोठा स्विच हा नाही. स्विचने फक्त हुकूम द्यायचा, आणि करंटला बॅटरीपासून दिव्यापर्यंत त्याची स्वतःची जाड, आखूड वाट द्यायची. हुकूम पोचवायचं काम रिलेचं, म्हणजे बारीक करंटच्या इशाऱ्यावर मोठा करंट चालू-बंद करणाऱ्या डबीचं.

चार पायांचा 12 व्होल्टचा साधा रिले घ्या. बॉशच्या आकड्यांची पद्धत आता सगळ्या रिलेंवर असते: 30, 87, 85, 86. 30 ला बॅटरीचा प्लस, फ्यूजमधून. 87 वरून दिव्याला. 86 ला स्विचकडून येणारी बारीक वायर आणि 85 ला अर्थ, म्हणजे गाडीच्या अंगाचा मायनस. आतल्या कॉइलला अँपिअरचा पाचवा हिस्सादेखील लागत नाही, त्यामुळे डॅशवरचा साधा स्विच वर्षानुवर्षं थंड राहतो. बाजारात पाच पायांचे रिलेही मिळतात. त्यातला मधला पाय 87a असेल तर रिले बंद असतानाही त्यावर करंट असतो. वायर चुकून तिथे लागली तर स्विच बंद केल्यावर दिवे पेटतात. तो पाय रिकामा ठेवा आणि झाकून ठेवा. रिलेच्या अंगावर डायोडचं चिन्ह छापलेलं असेल तर 86 ला प्लस आणि 85 ला मायनस हेच ठेवा, उलटं केलं की डायोड जातो.

हॅलोजनना एक रिले, एलईडी बारला दुसरा, पंख्याला तिसरा. तिघांचे फ्यूजही वेगळे. दोन कामं एका फ्यूजवर टाकून शंभर-दोनशे रुपये वाचवायचा मोह आवरा. एलईडी बारमध्ये पाणी शिरून तो शॉर्ट झाला तर त्याच्याबरोबर पंखा बंद पडता कामा नये.

फ्यूजबद्दल लोकांचा एक गैरसमज पक्का आहे. फ्यूज दिव्याला वाचवायला असतो असं त्यांना वाटतं. फ्यूज वायरीला वाचवायला असतो. म्हणून तो दिव्याजवळ नव्हे, बॅटरीजवळ हवा, प्लसच्या लगेपासून वीतभर अंतरात. बॅटरी ते फ्यूज एवढ्या तुकड्याला कुणाचंच संरक्षण नसतं, तो जितका लहान तितकं बरं. आणि फ्यूज वायरीच्या ताकदीहून मोठा कधीच नको. एकदा एक गाडी आली होती, तिच्यात फ्यूज सारखा उडतो म्हणून कुणीतरी 1 स्क्वेअरच्या वायरीवर 30 चा हिरवा फ्यूज घातला होता. फ्यूज शाबूत राहिला. वायर मात्र चाकाच्या कमानीपासून डॅशपर्यंत उघडी तार झाली होती आणि तिने बरोबरच्या सहा वायरी भाजल्या होत्या. मूळ दोष एवढाच होता की वायर पत्र्याच्या भोकातून रबरी बुश न लावता ओढली होती.

तुमच्या गाडीसाठी आकडे असे धरा. दोन हॅलोजनना 2.5 स्क्वेअरची वायर आणि 15 चा निळा फ्यूज. एलईडी बारच्या डब्यावर वॅट काहीही छापलेले असोत, मीटर लावून अँपिअर मोजा. मी मोजलेले बरेचसे बार डब्यावरच्या आकड्याच्या निम्म्याच्या आसपास भरले. 6 अँपिअरपर्यंत असेल तर 1.5 स्क्वेअर आणि 10 चा लाल फ्यूज पुरे. पंख्याला 4 स्क्वेअर आणि 30 चा हिरवा. पंखा चालताना 12 ते 15 अँपिअर घेतो, पण सुरू होताना क्षणभर त्याच्या दुप्पट-तिप्पट ओढतो, म्हणून त्याला ऐसपैस जागा द्यायची. वायर गाडीचीच घ्या. घरच्या फिटिंगच्या वायरीचं पीव्हीसी साधारण 70 डिग्रीसाठी असतं, आणि बोनेटखाली इंजिनाच्या अंगाला त्याहून जास्त ताप असतो.

आता बेरीज. रात्री पावसात अप्पर 9, फोकस 8, बार 6, पंखा 14, वायपर 4, मागचे दिवे आणि मीटरचे दिवे 3. झाले 44 अँपिअर. तुमच्या डायनामोची (अल्टरनेटरची) पाटी पुसून वाचा. त्यावर 35 लिहिलं असेल तर उरलेले 9 बॅटरी देणार. शिवाय पाटीवरचा आकडा इंजिन जोरात फिरताना खरा असतो, आयडलवर त्याच्या निम्मा मिळाला तरी पुष्कळ. चिखलात लो गिअरमध्ये रांगताना बॅटरीतून सतत 20 अँपिअर जात राहिले तर 60 अँपिअर-तासांची बॅटरी दीड-दोन तासांत सेल्फ मारायच्या लायकीची राहत नाही. तेव्हा एक तर मोठा डायनामो बसवा, ब्रॅकेट आणि पुलीची रेघ नीट जुळवून, नाही तर रांगताना हॅलोजन बंद ठेवून बारवर काम चालवा. पैसे मोजकेच असतील तर यातला दुसरा मार्ग मी सांगेन.

जुन्या जीपमध्ये एक गोष्ट आहे जी नव्या गाड्यांवर शिकलेल्या पोरांना ठाऊक नसते: अँपिअर मीटर. त्यातून गाडीचा सगळा चार्जिंग करंट जातो. तुम्ही पंखा आणि दिवे थेट बॅटरीच्या लगेला जोडलेत तर इंजिन चालू असताना त्यांचा करंट डायनामोकडून निघून त्या मीटरमधूनच बॅटरीकडे येतो. काटा सतत चार्जकडे पडलेला दिसतो, मालक म्हणतो डायनामो भारी काम करतोय, आणि डॅशमागच्या दोन लगा तापत राहतात. तुमच्या डॅशमधला वास मला तिथलाही वाटतो. मी करतो ते असं: डायनामोच्या मोठ्या बोल्टवरून बॅटरीच्या प्लसला 10 स्क्वेअरची स्वतंत्र वायर, मध्ये बॅटरीजवळ 60 चा बोल्टचा फ्यूज. मीटरच्या दोन्ही वायरी एका लगेत घट्ट एकत्र करून झाकायच्या आणि त्याच जागी व्होल्टमीटर बसवायचा. चालू इंजिनाला 13.8 ते 14.4 दिसलं की चार्जिंग ठीक. करंट किती जातो यापेक्षा व्होल्टेज किती आहे हे ड्रायव्हरला जास्त उपयोगी पडतं.

हॅलोजनच्या रिलेचा हुकूम अप्परच्या वायरीवरून घ्या आणि मध्ये डॅशवरचा स्विच ठेवा. म्हणजे डिपर मारला की फोकस आपोआप विझतील. चोर्ल्याच्या घाटात समोरून गोव्याहून भाजी उतरवून परतणारा टेम्पो वळणावर आला तर तुमचा हात डिपरवर जातो, स्विच शोधायला वेळ नसतो. काही गाड्यांत हेडलाईटला प्लस कायम असतो आणि स्विच मायनस तोडतो. जोडण्याआधी टेस्ट लॅम्पने बघून घ्या, तसं असेल तर 85-86 ची मांडणी बदलावी लागते.

टपावरच्या बारचं मला पटत नाही, ते स्पष्ट सांगतो. कणकुंबीच्या पुढे पावसाळ्यात ढग रस्त्यावर उतरतात. तिथे वरून टाकलेला उजेड बोनेटवर आणि धुक्यावर आपटून थेट डोळ्यांत परत येतो, समोर पांढरी भिंत उभी राहते. धुक्यात दिवा खाली हवा, बंपरच्या रेषेत, झोत रुंद आणि वरून कापलेला. पिवळा असला तर डोळ्याला मऊ लागतो, पण रंगापेक्षा उंची महत्त्वाची. बार ठेवायचाच असेल तर शेतात, उसाच्या फडात, मळणीला वापरा. त्याचा स्विच अप्परशी जोडू नका, स्वतंत्र ठेवा, आणि डांबरी रस्त्यावर त्याला कव्हर घाला. केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 मधला 111 वा नियम पुढच्या बाजूला स्पॉट लाईट किंवा सर्च लाईट लावायला मनाई करतो, नोंदणी अधिकाऱ्याची खास मंजुरी असेल तरच सूट. दंडाचं सोडा, समोरच्या दुचाकीवाल्याला वळणावर कठडा दिसला नाही तर काय होतं ते आपल्या भागातल्या माणसाला सांगायला नको.

पंख्याकडे येतो. तुमच्या प्रश्नात तुम्ही त्याला एका ओळीत उरकलंय, पण खरं काम इथेच आहे.

आधी स्वतःला विचारा की पंखा कशासाठी. इंजिन तापतं म्हणून घालत असाल तर थांबा. रेडिएटरच्या जाळीत तांबडी माती बसली आहे का, बोअरच्या पाण्याने आत नळ्या क्षाराने भरल्या आहेत का, झाकणाचा रबर गेला आहे का, आणि कुणी थर्मोस्टॅट (पाणी तापल्यावर रेडिएटरकडची वाट उघडणारी झडप) काढून टाकला आहे का, हे आधी बघा. बुजलेल्या रेडिएटरवर कितीही मोठा पंखा लावा, तो गरम जाळीवर वारा घालत बसेल. पण चढावर लो गिअरमध्ये रांगताना तापत असेल, तर इलेक्ट्रिक पंख्याचा खरा उपयोग आहे. बेल्टवरचा पंखा इंजिनाच्या चालीनेच फिरतो, हळू चालीला वारा कमी. इलेक्ट्रिक पंखा आयडललाही पूर्ण फिरतो. दुसरा उपयोग ओढ्यात. बेल्टवरचा पंखा पाण्यात बुडाला की पाती पाण्याला चावतात, पुढे वाकतात आणि रेडिएटरच्या नळ्या कापतात. इलेक्ट्रिक पंखा पाण्यात शिरण्याआधी बंद करता येतो. उसाची ट्रॉली ओढायची असेल तर मात्र मूळ पंखा काढू नका. एक पूर्ण उन्हाळा नवा पंखा पारखल्याशिवाय तर नाहीच.

पंखा इंजिनच्या बाजूला असेल तर तो वारा ओढणारा हवा, जाळीच्या पुढे असेल तर ढकलणारा. प्लस-मायनस उलटं केलं तर मोटार उलटी फिरते, वाराही उलटा जातो, पण पात्यांचा बाक एकाच दिशेसाठी असतो, त्यामुळे वारा निम्मा होतो. पारख सोपी आहे: वहीचा कागद पुढून जाळीवर धरा आणि पंखा लावा. कागद जाळीला चिकटून राहिला पाहिजे. नायलॉनच्या पट्ट्या जाळीतून आरपार ओवून पंखा अडकवतात, ते करू नका. खड्ड्यांत पंखा हलतो, पट्टी नळी घासते, आणि सहा महिन्यांनी कूलंट टपकायला लागतं. लोखंडी पट्टी वाकवून रेडिएटरच्या चौकटीला बोल्ट मारा.

पंखा चालू-बंद करायला तापमानाचा स्विच लागतो. थर्मोस्टॅट 82 ला उघडायला सुरुवात करतो असं धरलं तर पंख्याचा स्विच 92 च्या आसपास लागणारा आणि 87 ला सुटणारा घ्या. त्याहून खालचा घेतला तर पंखा कधी थांबतच नाही. जुन्या रेडिएटरला या स्विचसाठी भोक नसतं, म्हणून वरचा होज कापून मध्ये ॲल्युमिनिअमची नळी घालतात आणि तिच्यात स्विच बसवतात. इथे मी स्वतः एकदा फसलो आहे. एका वायरीचा स्विच आपल्या अंगातून अर्थ घेतो, आणि ती नळी दोन्ही बाजूंनी रबराच्या होजमध्ये असते. अर्थ येणार कुठून? पंखा दुकानात चालला, कारण त्या वेळी नळी पंख्याच्या पट्टीला टेकलेली होती. गाडी हलली, नळी सरकली आणि पुढच्याच चढावर काटा लालमध्ये गेला. मालकाला मधल्या घाटात दोन तास बसावं लागलं. ते पाणी माझ्यामुळे उकळलं. तेव्हापासून नळीच्या अंगाला स्क्रू मारून स्वतंत्र अर्थ वायर दिल्याशिवाय मी गाडी सोडत नाही.

पंख्याच्या रिलेचं 86 चावीनंतरच्या प्लसला, बारीक 5 च्या फ्यूजमधून. 85 डॅशवरच्या तीन स्थितींच्या स्विचला: एका बाजूला तापमानाचा स्विच, दुसऱ्या बाजूला सरळ अर्थ, मध्ये बंद. म्हणजे आपोआप, सक्तीने चालू आणि पूर्ण बंद, तिन्ही हातात राहतात. ओढ्याला मध्ये, बाहेर पडल्यावर परत आपोआप. 87 वरून बारीक वायर आणून 1 च्या फ्यूजसह डॅशवर एक हिरवा दिवा लावा, रिलेने पंख्याला करंट दिला की नाही ते दिसेल. 30 मात्र चावीनंतरच्या वायरीवरून कधीच घेऊ नका. करंट तोडल्यावर फिरता पंखा क्षणभर स्वतःच डायनामो होतो, तो करंट त्या वायरीत उलटा शिरतो, आणि सोलेनॉइडवर (डिझेल तोडणाऱ्या विजेच्या झडपेवर) बंद होणारं डिझेल इंजिन चावी काढली तरी थोडं चालत राहतं.

अर्थकडे लोक सर्वांत कमी लक्ष देतात. प्लसला 4 स्क्वेअर दिली आणि मायनस गंजलेल्या बंपरच्या बोल्टला लावला तर सगळं व्यर्थ. पंख्याचा मायनस त्याच जाडीच्या वायरीने बॅटरीच्या मायनसपर्यंत न्या. दिव्यांचा चासीला चालेल, पण रंग खरवडून, स्टार वॉशर घालून, वरून व्हॅसलीन लावून. जोड दाबून करा, नीट पकडीने, वरून गोंदवाली हीट श्रिंक स्लीव्ह. नुसतं डाग देऊन केलेला जोड जीपच्या थरथराटात डाग संपतो तिथेच तुटतो. रिले उंचावर, पाय खाली करून बसवा आणि प्रत्येक वायरीला रिलेत शिरण्याआधी खाली एक झोळ द्या, म्हणजे पाणी झोळातून गळेल, पायांकडे चढणार नाही.

झालं की मीटर घ्या. इंजिन चालू, फोकस चालू. एक टोक बॅटरीच्या प्लसला, दुसरं फोकसच्या प्लसला. 0.3 व्होल्टच्या आत हवं. मग फोकसचा मायनस आणि बॅटरीचा मायनस, 0.2 च्या आत. पंख्यालाही तसंच. जास्त आलं तर एक-एक जोड ओलांडत पुढे सरका, जिथे आकडा उडी मारेल तो जोड खराब. दहा मिनिटं सगळं एकदम चालू ठेवून प्रत्येक फ्यूजच्या घरट्याला, रिलेला आणि लगेला हात लावा. कोमट चालेल, चटका बसला तर तो जोड पुन्हा करा. आठवडाभर शेतातल्या रस्त्यावर गाडी फिरवा, मग बॅटरीच्या, डायनामोच्या आणि चासीच्या लगा पुन्हा एकदा आवळा, आणि जांबोटीच्या रस्त्याला त्यानंतर जा.